जागा पाहताना

प्रस्तावना

नवा व्यवसाय सुरू करायचा म्हटले की भांडवल किती लागेल, माल कोठून आणायचा, यंत्र कोणते घ्यायचे, याचा विचार आपण बारकाईने करतो. व्यवसायाची जागा मात्र पुष्कळदा 'मिळेल ती' घेतली जाते. प्रस्तुत पाठ हा वैयक्तिक निबंध आहे. छत्तीसगडमधील रायपूर शहरालगत उरला नावाचे औद्योगिक क्षेत्र आहे. तेथे भाच्याच्या लेथच्या दुकानासाठी जागा शोधताना लेखकाला जे दिसले आणि जे उमगले, ते त्याने येथे मांडले आहे. पाठ वाचताना तुमच्या गावातील चार-दोन दुकाने डोळ्यांसमोर ठेवा. ती तेथेच का आहेत, असा प्रश्न स्वतःला विचारत पुढे जा.

मूळ पाठ

'जागा' हा मराठीतला मोठा गमतीचा शब्द आहे. नाम म्हणून वापरला तर त्याचा अर्थ ठिकाण असा होतो आणि विशेषण म्हणून वापरला तर 'झोपेत नसलेला' असा होतो. पहिला शब्द फारसीतून आपल्याकडे आला आणि दुसरा संस्कृतातील 'जागृ' या धातूपासून. म्हणजे दोघांची कुळे वेगळी, पण मराठीत येऊन त्यांचे रूप एक झाले. मला वाटते, व्यवसाय करू पाहणाऱ्या माणसासाठी ही भाषेने दिलेली सूचनाच आहे. ज्याला जागा घ्यायची आहे, त्याने आधी जागे असले पाहिजे.

आपला शेतकरी ही गोष्ट फार पूर्वीपासून जाणतो. बियाणे विकत घेण्याआधी तो जमीन पाहतो. ती काळी आहे की मुरमाड, पाणी धरणारी आहे की उताराची, बांधापर्यंत बैलगाडी जाते की नाही, हे तो हिंडून पाहतो. जमीन पाहिल्यावाचून जो बी घेतो त्याला गावात कोणी शहाणा म्हणत नाही. परंतु तोच माणूस जेव्हा किराणा मालाचे दुकान, पिठाची गिरणी किंवा शिवणकामाचे केंद्र काढतो, तेव्हा 'आपल्या चुलत्यांचा गाळा रिकामा आहे' एवढ्या कारणावर तो निर्णय घेऊन मोकळा होतो. दुकानाची जमीनही काळी किंवा मुरमाड असू शकते, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

मोठ्या उद्योगांच्या इतिहासात जागेचा शोध हा एक स्वतंत्र अध्याय असतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांचेच उदाहरण घ्या. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरू झालेला त्यांचा व्यवसाय कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर यांपर्यंत पोहोचला होता. अशा वेळी शहराच्या विस्तारासाठी नगरपालिकेला ती जागा हवी झाली आणि कारखाना हलवणे भाग पडले. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळची जमीन देऊ केली. ती बत्तीस एकर जमीन म्हणजे निवडुंगाचे रान होते. सापांचा सुळसुळाट होता. वरवर पाहणाऱ्याला ती जागा कारखान्यासाठी अगदीच निरुपयोगी वाटली असती. परंतु तिच्याजवळून रेल्वे जात होती, नांगर विकत घेणारा शेतकरी चहूबाजूंना होता आणि तेथून 'उठा' म्हणणारे कोणी नव्हते. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. निवडुंग तोडता येतो, साप हटवता येतात. रेल्वे मात्र आपल्या दारात आणता येत नाही. जागेतील कोणती उणीव दूर करता येण्याजोगी आहे आणि कोणती नाही, हे ओळखणे हीच जागा पारखण्याची पहिली कसोटी होय.

दुसरी गोष्ट आपल्याला थेट छत्तीसगडात घेऊन येते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी टाटांची माणसे पोलादाच्या कारखान्यासाठी जागा शोधत होती. आधी चांदा, म्हणजे आजचा चंद्रपूर जिल्हा, पाहून झाला. मग नागपूरच्या संग्रहालयात दोराबजी टाटा यांच्या दृष्टीस एक रंगीत भूगर्भीय नकाशा पडला. प्रमथनाथ बोस या भूगर्भशास्त्रज्ञाच्या पाहणीतून दुर्ग जिल्ह्यात लोहखनिज असल्याचे त्यावर दाखवले होते. दल्ली आणि राजहरा या डोंगरांवर जाऊन पाहिले तर खनिज उत्कृष्ट! तरीही कारखाना तेथे झाला नाही, कारण जवळपास पुरेसे पाणी नव्हते आणि योग्य कोळसाही नव्हता. पुढे बोस यांच्याच सूचनेवरून मयूरभंजचे खनिज पाहिले गेले आणि १९०७ च्या अखेरीस सुवर्णरेखा व खरकाई या नद्यांच्या संगमाजवळचे साकची हे खेडे पक्के झाले. तेच आजचे जमशेदपूर.

पण गोष्ट येथे संपत नाही. १९५५ साली भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि त्याच दुर्ग जिल्ह्यात भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहू लागला. १९५९ च्या फेब्रुवारीत त्याची पहिली झोतभट्टी पेटली. तिला खनिज मिळाले ते त्याच दल्ली-राजहराचे. डोंगर तेच होते, खनिज तेच होते. परंतु मधल्या काळात तांदुळा जलाशय झाला होता, कोळसा दुरून आणण्याची सोय झाली होती आणि मुंबई-हावडा रेल्वेमार्ग दाराशी होता. पन्नास वर्षांपूर्वी 'नाही' हे उत्तर बरोबर होते आणि पन्नास वर्षांनंतर 'होय' हे उत्तर बरोबर ठरले. जागा चांगली किंवा वाईट अशी जन्मतः नसते. ती कोणत्या कामासाठी आणि कोणत्या काळात, हे विचारल्यावाचून तिची परीक्षा होत नाही.

आता मी ज्या जागेबद्दल सांगणार आहे ती या थोर उदाहरणांपुढे अगदीच लहान. माझ्या भाच्याला लेथचे दुकान काढायचे होते. माझी थोरली बहीण लग्न होऊन रायपूरच्या तात्यापारा भागात गेली. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात मराठी घरे वस्ती करून आहेत. त्या वस्तीच्या खुणा रायपुरात आजही दिसतात. मेव्हणे रेल्वेत होते, ते आता नाहीत. भाच्याची शाळा मध्येच सुटली होती. पुढे मुक्त विद्यालयातून दहावी करून त्याने औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत टर्नरचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि उरल्याच्या एका रोलिंग मिलच्या दुरुस्ती विभागात तो बारा वर्षे राबला. मेव्हण्यांच्या निवृत्तीच्या पैशांतून शिल्लक राहिलेली रक्कम आणि ताईच्या दोन पाटल्या, एवढेच त्याचे भांडवल. ते एकदाच लावता येणार होते. चुकले तर दुसऱ्यांदा लावायला घरात काही उरणार नव्हते. त्यामुळे ताईने मला बोलावून घेतले. यंत्रांतले मला काही कळत नाही. माझा जन्म शब्द आणि व्याकरण शिकवण्यात गेला. परंतु प्रश्न विचारायला मास्तराइतके योग्य माणूस कोण?

उरला हे रायपूरच्या उत्तरेला, बीरगावला लागून आहे. मूळचे ते एक खेडे. त्याच्या नावाने औद्योगिक क्षेत्र वसले आणि आज त्या नावाबरोबर आठवतात त्या चिमण्या. पुढे बिलासपूरच्या रस्त्याला सिलतरा हे आणखी एक मोठे औद्योगिक क्षेत्र आहे. येथे स्पंज आयर्नचे कारखाने आहेत. त्यांत लोहखनिज आणि कोळसा एका लांबलचक फिरत्या भट्टीत तापवतात. खनिज वितळत नाही, फक्त त्यातील प्राणवायू निघून जातो आणि सच्छिद्र लोखंड मागे राहते. ते विजेच्या भट्टीत वितळवून त्याच्या कांड्या ओततात. रोलिंग मिल त्या कांड्या लाल करून रुळांमधून पिळून काढते आणि त्यांच्या सळया, अँगल तयार होतात. एकाचा पक्का माल हा दुसऱ्याचा कच्चा माल. म्हणून हे कारखाने एकमेकांना धरून वसतात. आणि जेथे रूळ फिरतात तेथे रूळ झिजतात, शाफ्ट तुटतात, बेअरिंगची घरे घासली जातात. त्यांना पुन्हा आकार देणारा लेथवालाही मग त्यांच्या सावलीला येतो.

भाच्यापुढे चार जागा होत्या. पहिली घरचीच. तात्यापाऱ्यातील जुन्या घराची पुढची खोली आणि ओसरी. ताईचे मत तिच्या बाजूने होते.

"घरची ओसरी रिकामी असताना भाडे कशाला भरायचे?" ती म्हणाली, "दुपारी घरी येऊन गरम जेवशील. चार पैसे वाचतील ते वेगळेच."

"आई, तू म्हणतेस ते खरे," भाचा म्हणाला, "पण आपल्या बोळात शाफ्ट वळायचा नाही. रिक्षा अडते, तेथे ट्रॉली कशी येईल? आणि रात्री दोनला लेथ सुरू केला तर शेजारचे काका उद्या आपल्या दारात उभे राहतील."

त्याच्या बोलण्यात एक हिशेब होता. घरची जागा फुकट दिसते, परंतु तिची किंमत निराळ्या मार्गांनी द्यावी लागते. यंत्राला तीन फेजची वीज लागते, घराची जोडणी साधी. निवासी वस्तीत यंत्र बसवायला परवानगीचा प्रश्न येतो. जड वस्तू उरल्यापासून शहरात आणायची आणि परत न्यायची, तर वाहतुकीचा खर्च गिऱ्हाइकाने का सोसावा? तो जवळच्या दुकानात जाईल. भाडे वाचेल, पण काम येणार नाही. ज्या जागेला भाडे नाही, ती जागा स्वस्त असतेच असे नाही.

दुसरी जागा बिलासपूर रस्त्यावर, अगदी दर्शनी. पुढे रुंद मोकळी जागा, वर मोठा फलक लावण्याची सोय. भाडे मात्र चौथ्या जागेच्या दुपटीहून अधिक. माझे मन तिच्यावर बसले होते. दुकान चारचौघांच्या नजरेत असावे, हा आपला सर्वसाधारण समज. भाच्याने तेव्हा खिशातून एक वही काढली. नोकरी सोडण्याआधीचा एक महिना तो पाळी संपल्यावर उरल्यातल्या एका चहाच्या टपरीवर बसत असे. कोणत्या कारखान्यातून दुरुस्तीचे काम बाहेर पडते, कोणत्या वेळी, कोणत्या गाडीवर आणि कोणत्या दुकानात जाते, हे त्याने वहीत टिपले होते. त्या वहीवरून दोन गोष्टी स्पष्ट होत होत्या. बरीच कामे रात्री निघत होती, कारण मिल रात्रीही चालते. आणि काम घेऊन निघालेला फोरमन फलक वाचत फिरत नव्हता. जे दुकान जवळ आहे, उघडे आहे आणि ज्याचा हात त्याला ठाऊक आहे, तेथे तो सरळ जात होता.

"मामा, साडीच्या दुकानात गिऱ्हाईक रस्त्याने जाता जाता शिरते," तो म्हणाला. "माझ्याकडे कोणी सहज येणार नाही. ज्याचे यंत्र बंद पडले आहे, तोच येणार. तुम्हीच सांगा, त्याला फलक दाखवण्यासाठी मी दुप्पट भाडे का भरू?"

मला हे वाक्य फार मोलाचे वाटले. गिऱ्हाईक चालता चालता येते की शोधत येते, हा प्रश्न प्रत्येक व्यावसायिकाने स्वतःला विचारावा. मिठाई, चप्पल, खेळणी, चहा यांचे गिऱ्हाईक वाटेवरून वळते. त्यांना वर्दळीची जागा हवी आणि तिचे जास्त भाडे त्यांना परवडते, कारण वर्दळ हीच त्यांची मिळकत. पंप दुरुस्त करणारा, दातांचा वैद्य, लग्नपत्रिका छापणारा यांच्याकडे माणूस गरजेने, चौकशी करत पोहोचतो. त्यांना दर्शनी जागेपेक्षा सोयीची जागा महत्त्वाची. एकाची गरज दुसऱ्याने उचलली की भाड्याचे ओझे वाढते आणि हाती काही लागत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरे, परंतु अंथरूण कोठे घालावे हेही पाहिले पाहिजे.

तिसरी जागा स्वस्त होती आणि मालक मोठा गोड बोलत होता. एका कारखान्याच्या भिंतीला लागून शेड आणि मागे राहण्यासाठी दोन खोल्या. "दुकान आणि घर एकाच भाड्यात!" असे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. रोजचे जाणे-येणे वाचेल म्हणून भाचाही थोडा विरघळला होता. शेडला नुकताच चुना लावला होता. पण चुन्याखालून जमिनीपासून दीड हात उंचीवर एक मातकट रेघ सबंध भिंतीभर दिसत होती. मी ती पाहत राहिलो. बाहेर समोरच एक बाई भाजी विकत बसली होती. तिला विचारले, तेव्हा ती सहज म्हणाली की, श्रावणात इथे पाणी भरते, नाला तुंबतो, मागचा भाडेकरू त्यामुळेच गेला. मालकाकडून जे तासाभरात कळले नव्हते ते तिच्याकडून एका वाक्यात कळले. म्हणून जागा पाहायला जाल तेव्हा शेजारच्या टपरीवर चहा घ्या. जमल्यास पावसाळ्यात एकदा आणि रात्री एकदा जाऊन या. जागेची खरी ओळख कोरड्या दुपारी होत नाही.

एवढ्यात ताई मागच्या खोलीत गेली होती. सोबत भाच्याची चार वर्षांची मुलगी होती. खोली झाडलेली होती. ताईने खिडकीच्या कठड्यावरून एक बोट फिरवले आणि ते आमच्यासमोर धरले. बोट काळेभोर झाले होते. बाहेर दोरीवर कोणाचे तरी पांढरे कपडे वाळत होते, त्यांच्यावरही बारीक काजळी बसली होती. या भागातील काजळीबद्दल लोक अनेक वर्षे तक्रार करत आले आहेत. धूर गाळणारी यंत्रे कारखान्यांत असतात, परंतु ती रात्री चालू नसतात, असे रहिवासी सांगतात. ताईने बोट पदराला पुसले नाही, रुमालाला पुसले आणि शांतपणे म्हणाली, "इथे माझी नात झोपणार नाही."

त्यानंतर त्या जागेविषयी कोणी बोलले नाही. मालक भाडे आणखी कमी करायला तयार झाला होता. परंतु काही खर्च भाड्याच्या आकड्यात दिसत नाहीत. ते श्वासाच्या हिशेबात जमा होतात. व्यवसायाची जागा ही माणसे दिवसाचे दहा-बारा तास राहण्याची जागा असते. वारा कोणत्या दिशेने येतो, उजेड आहे का, पिण्याचे पाणी कोठून आणायचे, संकटाच्या वेळी बाहेर पडण्याची वाट किती रुंद आहे, हे प्रश्न भाड्याइतकेच खरे आहेत.

चौथी जागा आतल्या एका गल्लीत होती. दिसायला अगदी सामान्य, पण थोड्या उंचवट्यावर. दार उंच आणि रुंद, ट्रॉली सरळ आत येण्याजोगे. छताला लोखंडी तुळई होती, तिच्यावर साखळीचा कप्पा टांगता येणार होता. तीन फेजची जोडणी होती. पूर्वी तेथे कोणाचा तरी लेथ असावा, कारण जमिनीत काँक्रीटचा पाया तसाच होता. भाच्याने खाली बसून त्यावर पाणपातळी ठेवली आणि त्याचा चेहरा उजळला. लेथ सपाट आणि भक्कम पायावर नसेल तर त्याचे काम तंतोतंत उतरत नाही.

जागा पसंत पडली तरी भाचा लगेच विसार द्यायला तयार होईना. "आता कागद पाहू," तो म्हणाला. विजेच्या देयकावर आधीच्या भाडेकरूची थकबाकी निघाली. जुन्या ग्राहकाची बाकी त्या जागेच्या नव्या ग्राहकाकडून मागण्याची तरतूद वीजपुरवठ्याच्या नियमांत असू शकते आणि असे नियम वैध आहेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला आहे. ती बाकी मालकाने भरेपर्यंत भाचा थांबला. औद्योगिक क्षेत्रातील भूखंड बहुधा शासकीय महामंडळाने भाडेपट्ट्यावर दिलेले असतात. मूळ भाडेपट्टेदाराला तो दुसऱ्यास देण्याचा अधिकार आहे का आणि त्यासाठी परवानगी घेतली आहे का, हे पाहणे आवश्यक होते. तेही पाहिले.

मालक अकरा महिन्यांचा करार करू म्हणत होता. एक वर्षापेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी कायद्याने करावी लागते. ती टाळण्यासाठी अकरा महिन्यांची ही प्रथा पडली आहे. राहत्या खोलीपुरते ते ठीक. परंतु जड यंत्र एकदा पायावर बसवले की दर अकरा महिन्यांनी ते उचलता येत नाही. यंत्र बसल्यानंतर भाडे वाढवण्याचा आग्रह धरणाऱ्या मालकापुढे भाडेकरू हतबल होतो. म्हणून भाच्याने पाच वर्षांचा नोंदणीकृत करार मागितला आणि दरवर्षी भाडे किती वाढेल तेही त्यात लिहून घेतले. नोंदणीचा खर्च झाला. ताईला तो जड वाटला. पण वस्तू आणि सेवा कराच्या नोंदणीसाठी जागेचा पुरावा द्यावा लागतो आणि बँकही कर्ज देताना हेच कागद मागते, हे कळल्यावर तिचे समाधान झाले. तोंडी शब्दावर नाती टिकतात. व्यवहार लिहून ठेवला तर नातीही टिकतात आणि व्यवहारही.

दुकान सुरू झाले. पहिले सहा महिने ओढाताणीचे गेले. ओळखीच्या फोरमनांनी काम दिले, परंतु पैसे उशिरा दिले. रोज तात्यापाऱ्याहून ये-जा करण्यात वेळ जातो. काजळीचे कण लेथच्या घसरपट्टीवर बसले तर ती झिजते, म्हणून रोज संध्याकाळी ती पुसून, तेल लावून, ताडपत्रीने झाकावी लागते. या जागेलाही उणिवा आहेतच. परंतु त्या अशा आहेत की, त्यांच्यावर रोज थोडा इलाज करता येतो. भाडे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातील कामातून सुटू लागले, तेव्हा ताईने मला पत्र पाठवून कळवले. पाटल्यांचा उल्लेख तिने त्यात केला नव्हता.

हे सारे लिहिताना एक विचार मला स्वस्थ बसू देत नाही. आमच्यापुढे चार जागा होत्या आणि तिसरी नाकारण्याचे स्वातंत्र्य आम्हाला होते. उरला आणि बीरगावच्या परिसरातील अनेक कुटुंबांना ते स्वातंत्र्य नाही. काहींची घरे कारखान्यांच्या आधीपासून तेथे आहेत. काही जण कामासाठी आले आणि जेथे खोली परवडली तेथे राहिले. जागा निवडली ती कारखान्याने, पण तिचे परिणाम वाट्याला आले ते शेजाऱ्यांच्या. १९८४ च्या डिसेंबरमध्ये, २ आणि ३ तारखांच्या मधल्या रात्री, भोपाळमधील कीटकनाशकांच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि भोवतीच्या दाट वस्तीतील हजारो माणसे त्याला बळी पडली. कारखाना आणि वस्ती यांच्यात किती अंतर असावे, हा प्रश्न तेव्हा साऱ्या देशापुढे उभा राहिला. तो केवळ मोठ्या कारखान्यांचा नाही. पिठाच्या गिरणीची धूळ, फर्निचरच्या दुकानातील करवतीचा आवाज, गॅरेजमधून गटारात सोडलेले तेल हे सारे शेजाऱ्याच्या घरात शिरते. भाचा लेथचे वापरलेले तेल गटारात न ओतता डब्यात साठवतो आणि ते गोळा करणाऱ्याला देतो. ही गोष्ट लहान आहे, पण ज्या घरातील आजीने काजळीने माखलेले बोट पाहिले आहे त्या घराला तिचे मोल कळते.

मित्रहो, तुमच्यापैकी कोणी आज शिवणयंत्र घेण्याच्या विचारात असेल, कोणी उपाहारगृह काढण्याच्या, तर कोणी मोबाइल दुरुस्तीचे दुकान थाटण्याच्या. जागा पाहायला जाताना एक वही बरोबर घ्या. माझे गिऱ्हाईक वाटेवरचे की शोधत येणारे? माल आत कसा येईल आणि बाहेर कसा जाईल? वीज, पाणी, उजेड, वारा यांचे काय? कागद कोणाच्या नावाचे? येथील कोणती उणीव मी दूर करू शकेन आणि कोणती जन्मभर सोसावी लागेल? माझ्यामुळे शेजाऱ्याला काय सोसावे लागेल? हे प्रश्न त्या वहीत लिहा आणि त्यांची उत्तरे त्या जागेवर उभे राहून शोधा. काही वर्षांनी हीच वही पुन्हा उघडा, कारण रस्ते बदलतात, कारखाने बंद पडतात, नवे निघतात आणि दल्ली-राजहराच्या डोंगरांप्रमाणे जुन्या प्रश्नाचे उत्तर एक दिवस निराळे येते.

शब्दार्थ

मुरमाड – मुरूम असलेली, खडकाळ (जमीन)
झोतभट्टी – गरम हवेचा झोत सोडून खनिजापासून लोखंड करण्याची भट्टी
सच्छिद्र – बारीक छिद्रे असलेले
दर्शनी – समोरून सहज दिसणारी
पाणपातळी – पृष्ठभाग सपाट आहे की नाही हे पाहण्याचे साधन
विसार – व्यवहार पक्का करण्यासाठी आगाऊ दिलेली रक्कम
भाडेपट्टा – ठरावीक मुदतीसाठी जागा वापरण्यास देण्याचा करार

पाठान्त प्रश्न

१. किर्लोस्करवाडीची जागा वरवर निरुपयोगी वाटली असती, असे लेखक का म्हणतो? त्या जागेचे कोणते फायदे त्याने सांगितले आहेत?
२. दल्ली-राजहराच्या उदाहरणातून लेखकाला काय सुचवायचे आहे, ते तुमच्या शब्दांत लिहा.
३. 'ज्या जागेला भाडे नाही, ती जागा स्वस्त असतेच असे नाही.' पाठाच्या आधारे हे विधान स्पष्ट करा.
४. "इथे माझी नात झोपणार नाही." हे वाक्य कोणी, केव्हा म्हटले? त्यातून त्या व्यक्तीच्या स्वभावाचा कोणता पैलू दिसतो?
५. तुमच्या परिसरातील एखाद्या दुकानाची किंवा कारखान्याची जागा पाहा. ती त्या व्यवसायाला योग्य आहे का, याविषयी दहा-बारा ओळी लिहा.